काळजीचा धडा आधी घ्या

"काळजी करू नका" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. त्याला मी काही करणार नाही. फक्त आमच्या अक्कांसमोर नेऊन बसवीन आणि बाहेरून कडी लावून घेईन.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. 'डोक्यावरच्या' हा शब्द मी विचार करून वापरला आहे. वर खुर्ची सरकली की अक्का कुणावर तरी चिडल्यात हे आम्हाला कळतं आणि जोरात सरकली तर आमच्यावर चिडल्यात हे कळतं. त्यांना रागवायला कारण लागत नाही असं लोक म्हणतात, ते साफ खोटं आहे. कारण नेहमी असतं. आणि चीड आणणारी गोष्ट ही, की बहुतेक वेळा ते बरोबर असतं.

सगळी नोकरी त्यांनी बस स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत काढली. त्या खिडकीच्या काचेला खाली अर्ध्या भाकरीएवढं भोक होतं. ते ज्याने पाडलं तोही मला भेटायला हवा, कारण जगातल्या कुठल्याच माणसाच्या तोंडासमोर ते येत नसे. उंच माणूस कमरेत वाकायचा, बुटका टाचा उंचावायचा. आत अक्का उंच स्टुलावर, खाली घरून आणलेली उशी, समोर वाकड्या मानेचा माईक आणि माईकच्या तोंडावर बांधलेला रुमाल. बाहेर दिवसभर एकच प्रश्न यायचा, चेहरे तेवढे बदलायचे. "गाडी येईल ना?"

कुणाचा मुलगा परत यायचा असे, कुणाची बायको. कुणाला दवाखान्यात वेळेवर पोचायचं असे, कुणाला नुसतं घरी. काहींचे डोळे फाटकाला काळजीने लागलेले असत, काहींचे आनंदाने. काचेच्या आतून दोन्ही सारखेच दिसतात, असं अक्का सांगत. दोघंही एका जागी उभे राहत नाहीत, दोघंही चहा विकत घेतात आणि दोघंही तो प्यायचा विसरतात.

खिडकीच्या आतल्या बाजूला वरिष्ठांनी एक पाटी ठोकली होती. 'प्रवाशांना काळजी वाटेल असे शब्द वापरू नयेत.' त्यामुळे गाडीचा टायर फुटो, इंजिन बसो, नाहीतर गाडी मुळात सुटलेलीच नसो, अक्कांनी 'तांत्रिक कारणास्तव' असंच म्हणायचं. त्यासाठी त्यांनी एक खास आवाज कमावला होता. कडक इस्त्री केलेला, एकही सुरकुती नसलेला. त्या आवाजात "सगळं ठीक आहे, गाडी वाटेत आहे, बसून घ्या" असं आलं की भर स्टँडावरचा माणूस निमूट बसायचा. मीही बसलेलो आहे. त्या दिवशी ती गाडी डेपोत धुवायला लावली होती, हे मला फार उशिरा कळलं.

अक्कांचे यजमान लवकर गेले. लेक तेव्हा शाळेत होती. शाळा सुटली की ती खिडकीच्या आत, स्टुलाच्या पायाशी दप्तर टाकून अभ्यास करायची. अभ्यास थोडा, गिरक्या फार, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरी मोठी झाली, लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे हलते करण्याचं शिक्षण घेतलं, नोकरीसाठी परदेशी गेली, तिथे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका स्पॅनिश बोलणाऱ्या उंच मुलाच्या प्रेमात पडली आणि लग्न करून मोकळी झाली. लग्नाला अक्का जाऊन आल्या. विहीणबाई तिकडे बायकांचे केस कापण्याचं दुकान चालवतात. दोघी फोटोत शेजारीशेजारी उभ्या राहून हसल्या. दोघींना मिळून तेवढी एकच भाषा येत होती.

खरी चीड सुरू झाली ती रविवारच्या व्हिडिओ फोनवर. भिंगरी मध्ये बसून दुभाष्याचं काम करायची. अक्का बोलायला लागत: पोरगी लहानपणापासून दूध टाळते, तिच्यावर लक्ष ठेवा, थंडीत अनवाणी फिरते, ओरडा तिला, आणि तुमचं स्वतःचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, उभ्याचा धंदा तुमचा, जपा. एवढं सगळं झालं की भिंगरी विहीणबाईंकडे वळून तीन शब्द बोलायची. विहीणबाई हसून मान हलवायच्या. मग त्यांची सरबत्ती सुरू व्हायची, हात, भुवया, खांदे सगळं बोलायचं, आणि भिंगरी आईला सांगायची, "त्या म्हणतायत, छान."

"एवढं मोठं गाठोडं सोडलं, आणि त्यातून 'छान' निघालं?" फोन ठेवल्यावर अक्का आमच्या घरात उभ्या राहून विचारायच्या. "मधल्या मध्ये कोण खातंय माझे शब्द?"

"अक्का, भाषांतरात थोडं कमीजास्त होतंच," मी म्हणायचो.

"कमीच होतंय. जास्त एकदा तरी होऊ दे!"

तोवर हे गमतीत चाललं होतं. मग भिंगरीला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं. का, ते कुणी नीट सांगेना. "सगळं ठीक आहे," ती म्हणायची. "नुसती विश्रांती." अक्कांनी बॅग काढली. लग्नाच्या वेळचा व्हिसा अजून चालत होता, तिकिटाची सोय होत होती. तर भिंगरी म्हणाली, "आत्ता नको येऊस. बाळ झाल्यावर ये. इथे सासूबाई आहेत. त्या म्हणतात, उगाच गर्दी नको."

त्या दिवशी वरची खुर्ची सरकली नाही. ती पडली.

"गर्दी!" अक्का आमच्या दारात उभ्या होत्या. "अख्खा जन्म मी गर्दी सांभाळली, आणि आता मीच गर्दी? आणि पुढे काय म्हणाली ठाऊक आहे? 'तू येऊन काय करणार, नुसती काळजी करशील.' नुसती! जशी काही मी तिथे जाऊन भांडी फोडणार आहे!"

माझी बायको म्हणाली, "अगं, तिच्या सासूला बोललं पाहिजे कुणीतरी."

"बोलणार आहे. मीच बोलणार आहे. त्या बाईच्या भाषेत. मध्ये कुणी नको."

आणि मला हुकूम झाला. "भाऊसाहेब, स्कूटर काढा."

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर गेलं की एक खोली होती आणि तिथे एक तरुण मास्तर स्पॅनिश शिकवायचा. मास्तर मुलगा गुणी होता, पण त्याला पुस्तकाबाहेर श्वास घ्यायची सवय नव्हती. वर्गात नोकरीसाठी परदेशी जायला निघालेली पोरं. पहिल्या दिवशी मास्तरने सगळ्यांना 'कसे आहात' विचारायला शिकवलं, आणि उत्तर शिकवलं, 'मुय ब्येन', म्हणजे अगदी छान. पोरं एकामागून एक अगदी छान होत गेली. अक्कांची पाळी आली.

"मी छान नाहीये," अक्का म्हणाल्या.

"नाही, पण उत्तर तसं द्यायचं असतं, काकू."

"का? लेक माझी तिकडे आडवी पडलीय, आणि मी इथे छान? मला खोटं बोलायला शिकायचं नाही, ते मला येतं. मला काळजी वाटते, हे शिकवा."

मास्तरने पुस्तक चाळलं. "भावनांचा धडा शेवटी आहे. आधी रंग, मग भाज्या, मग कपडे, घरातल्या वस्तू, हवामान..."

"आणि बाळंतपण काय हवामान संपेपर्यंत थांबणार आहे?"

पोरं हसली. मला मात्र हसू आलं नाही, मला संताप आला, आणि अजून येतो. कुठल्याही भाषेचं पुस्तक उघडा. पहिल्या पानावर सफरचंद असतं. परक्या देशात पोचलेल्या कुठल्या माणसाच्या तोंडी पहिल्या दिवशी 'हे सफरचंद आहे' असं वाक्य येतं? त्याच्या पोटात गोळा आलेला असतो! पुस्तक लिहिणाऱ्यांना भावना ही जेवणानंतरची बडीशेप वाटते, उरली जागा तर द्यायची.

अक्का जागेवरून हलल्या नाहीत. खिडकीसमोर हटून बसलेले पुष्कळ प्रवासी त्यांनी पाहिले होते, कसं बसायचं ते त्यांना ठाऊक होतं. शेवटी मास्तरने कपाटातून शेवटच्या धड्याची चित्रकार्डं काढली. प्रत्येक कार्डावर एक गोल चेहरा आणि खाली शब्द.

मग जे झालं ते चपलांच्या दुकानात शोभलं असतं. मास्तर एकेक काढतोय आणि अक्का घालून बघतायत.

"हा प्रेओकुपादा. काळजीत असलेली बाई. हाच लागतो बहुतेक ठिकाणी."

"हा ठेवा बाजूला. घेते. पुढे?"

"नेर्बिओसा. म्हणजे घाबरल्यासारखी, बेचैन."

"ती मी नोकरीच्या मुलाखतीला होते. आता नको."

"इंकिएता. जिला स्वस्थ बसवत नाही."

"ते जन्मापासून आहे. त्यात नवीन काय सांगायचं विहिणीला? अजून दाखवा."

"आंगुस्तियादा." मास्तरने तो चेहरा जरा लपवतच पुढे केला. "पण हा फार मोठा आहे, काकू. जीव गुदमरतो अशी काळजी. रोजच्या बोलण्यात कुणी इतका..."

"मोठाच द्या. पायाला होईल."

"आणि हा आन्सिओसा. हा दोन्हीकडे चालतो. काळजीने जीव वरखाली होत असेल तरी, आणि कशाची तरी फार ओढ लागली असेल तरी."

"नको. दोन्ही पंगतींत जेवणारा शब्द मला नको. मला त्या बाईशी सरळ बोलायचंय."

मग मास्तरने दुसरा गठ्ठा काढला. या चेहऱ्यांचे डोळे मोठे होते. एमोसिओनादा, आनंदाने भरून आलेली. इम्पासिएंते, जिला धीर धरवत नाही. हा बाईपुरुषांना सारखाच चालतो, असं त्याने सांगितल्यावर अक्का म्हणाल्या, "बरोबर आहे, त्यात दोघंही सारखेच वाईट." आणि मग इलुसिओनादा. पुढे काहीतरी चांगलं घडणार म्हणून जिच्या मनात आत्तापासून दिवे लागलेत ती.

या शब्दापाशी अक्का थांबल्या. कार्ड हातात घेऊन त्यांनी चष्मा वर केला.

"आपल्याकडे बघा," त्या मला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढायला लागला. "काळजीसाठी किती शब्द! धाकधूक आहे, घोर आहे, जीव टांगणीला आहे, काळजाचं पाणी आहे. आणि हे दिवे लागलेत त्याचं काय? आतुर? कोण म्हणतं हो आतुर? इतक्या लोकांनी माझ्या खिडकीत डोकं घातलं, एकाने तरी सांगितलं का, बाई, मी आतुर आहे? सगळे हसू दाबून विचारायचे, गाडी येईल ना. नातवंड होणार म्हणून मला जे होतंय ते सांगायला माझ्या तोंडात काही नाही, आणि या गोल तोंडाच्या कार्ट्याकडे आहे!"

मास्तरने अजून एक ज्ञान दिलं. आपल्याकडे काळजी वाटते, म्हणजे ती कुठून तरी येऊन आपल्याला चिकटते. तिकडे माणूस स्वतःच काळजीतला होतो. 'एस्तोय प्रेओकुपादा', मी काळजीतली आहे.

"हे बरंय," अक्का म्हणाल्या. "उगाच पाहुणी आल्यासारखं नाही. घरचीच म्हणायचं."

शब्द पाठ झाले. आमच्या डोक्यावर दिवसभर 'एस्तोय, एस्तोय' चालू झालं. भांडी घासताना प्रेओकुपादा, कपडे वाळत टाकताना इलुसिओनादा. आमच्या बायकोला पोळ्या लाटता लाटता आंगुस्तियादा व्हायला लागलं. पण मास्तर खूश नव्हता.

"शब्द बरोबर आहेत, काकू. पण ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही."

"का?"

"तुम्ही काळजी सांगताय असं वाटत नाही. गाडी फलाटाला लागलीय असं वाटतं."

वर्गात हशा. अक्का लालबुंद. "या आवाजावर अख्ख्या स्टँडाचं भागलं! एक प्रवासी तक्रार घेऊन आला नाही!"

मास्तर वादात पडला नाही. त्याने फोन पुढे धरला. "एकदा बोला, मग तुम्हीच ऐका."

अक्का ताठ बसल्या, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "एस्तोय प्रेओकुपादा." मास्तरने बटण दाबलं. फोनमधून तेच वाक्य परत आलं. कडक इस्त्रीचं, एक सुरकुती नसलेलं. पोरं हसत होती. मी अक्कांकडे बघत होतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुणीतरी पुसून काढावा तसा गेला.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

त्याने लावलं.

"भाऊसाहेब, ऐकलंत? ही मी नाही बोलत. ही भिंगरी बोलतेय." मला कळेना. "अहो, 'सगळं ठीक आहे, नुसती विश्रांती.' आठवा की! हाच आवाज. अगदी हाच. स्टुलाशी बसून ऐकत होती ना कार्टी, उचलला तिने. मी हा आवाज कधी लावायची, ते मला ठाऊक नाही का? गाडी कुठे आहे याचा पत्ता नसला की!"

 अक्कांनी खुर्ची मास्तरच्या टेबलाशी ओढली.

"मास्तर, फोन लावा. विहिणीला. आत्ता."

"पण काकू, तुमचे क्रियापदांचे धातू अजून झालेले नाहीत..."

"खड्ड्यात गेले धातू!"

तिकडे दुपार होती. विहीणबाई दुकानात होत्या, हातात कंगवा, मागे खुर्चीत केसांना चांदीचे कागद लावलेलं एक गिऱ्हाईक. अक्कांना बघून त्या आधी दचकल्या, मग फोटोतलं हसू आणलं. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"एस्तोय प्रेओकुपादा," त्या म्हणाल्या. इस्त्री या वेळी पहिल्याच शब्दावर गेली होती. "आंगुस्तियादा. मुचो." हा शेवटचा शब्द, म्हणजे 'फार', त्यांनी स्वतःहून जोडला. तो तिथे बसत नाही, असं मास्तर नंतर म्हणाला. विहीणबाईंना अगदी व्यवस्थित बसला.

त्यांनी कंगवा ठेवला. "यो तांबिएन," त्या म्हणाल्या. मीसुद्धा. "आंगुस्तियादा! यो तांबिएन!"

"इलुसिओनादा," अक्का म्हणाल्या.

"यो तांबिएन!"

"इम्पासिएंते!"

"उय!" विहीणबाईंनी दोन्ही हात वर फेकले, म्हणजे त्याबाबतीत तर विचारूच नका. चांदीचे कागद लावलेली बाईसुद्धा काहीतरी ओरडली, बहुतेक तीही कशाच्या तरी वाटेवर डोळे लावून होती.

मग विहीणबाईंनी एक लांब प्रश्न विचारला. अक्कांनी मास्तरकडे बघितलं. मास्तर चाचरत म्हणाला, "त्या विचारतायत, तुम्ही येत का नाही? त्या तुमची वाट बघतायत. तुमची खोलीही आवरून ठेवलीय. पण मुलगी म्हणाली, तुमचे पाय अधू झालेत, तुम्हाला चालवत नाही."

मी खुर्ची घट्ट धरली. पुढे काय येणार ते मला दिसत होतं.

"माझे पाय?" अक्का उठल्या. "फोन धरा हो! खाली धरा, पाय दिसू देत!" आणि त्या वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या. परत आल्या. दार उघडून लोखंडी जिना धाडधाड उतरल्या आणि तितक्याच जोरात चढून आल्या. खालच्या सायकलवाल्याला वाटलं काहीतरी कोसळलं. "दिसले का पाय? विचारा त्यांना! आणि हेही विचारा, गर्दी कोण म्हणालं?"

मास्तरने विचारलं. विहीणबाईंचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. त्या गर्दीबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मग दोन देशांत एकाच वेळी जो संताप झाला, त्याचं भाषांतर करायची गरज मास्तरलाही पडली नाही. पोरीने दोघींना वेगवेगळ्या गाड्या लावून दिल्या होत्या. इकडे सांगितलं, तिकडच्यांना नको आहे. तिकडे सांगितलं, इकडच्यांना जमत नाही. आणि दोन्हीकडे एकाच सपाट आवाजात.

संताप ओसरल्यावर विहीणबाई हळू बोलल्या, मास्तर एकेक वाक्य मराठीत सांगत गेला. रक्तदाब वाढतोय. बाळ वेळेआधी येईल असं डॉक्टर म्हणतात. पोरगी कुणासमोर रडत नाही. पण पडदे ओढून घेते आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते, तो भिंतीपलीकडे ऐकू येतो. मी लेकाला विचारलं, त्यालाही ठाऊक नाही. तुमच्या भाषेतला असेल. तुम्ही सांगाल का?

आणि त्या बाईने, ओठ जपून हलवत, तो म्हणून दाखवला. "आईगं."

मास्तरने खाली मान घातली. अक्कांनी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं, दोनदा ठोकलं, आणि म्हणाल्या, "यो." मी.

घरी आल्या आल्या भिंगरीचाच फोन आला. बातमी पोचली होती. आमच्या दिवाणखान्यात फोन टेबलावर ठेवला होता, म्हणून सगळं मी ऐकलं. ऐकायला नको होतं असं म्हणण्याइतका मी सभ्य नाही.

"तुम्ही दोघींनी माझ्या पाठीमागे बोलायचं? आणि काका, तुम्ही तिला स्कूटरवरून नेत होतात?"

"मला हुकूम होता," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा, भाऊसाहेब," अक्का म्हणाल्या. "आणि तू गं! विहिणीच्या तोंडी गर्दी घातलीस? माझे पाय तोडलेस? खोटं बोलायला लाज नाही वाटली?"

"तूच शिकवलंस!"

"मी?"

"बाबा दवाखान्यात होते तेव्हा रोज संध्याकाळी मी विचारायची, बाबा कसे आहेत. आणि तू काय म्हणायचीस? सगळं ठीक आहे. त्याच आवाजात. माईकवरच्या. रोज. आणि एक दिवस सगळे लोक घरी जमले, आणि मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी वाट बघत होते, आई. मी त्यांना दाखवायला चित्र काढून ठेवलं होतं."

माझी बायको उठून आत गेली. अक्का टेबलाकडे बघत बसल्या. मला वाटलं, आता खुर्ची सरकेल. नाही सरकली.

त्यांनी घसा साफ केला. त्या घसा साफ करण्यानंतर कुठला आवाज येतो ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पलीकडे भिंगरीलाही ठाऊक असणार. तो आला नाही.

"मी तेव्हा," अक्का म्हणाल्या, आणि शब्द शोधत राहिल्या. आपल्या भाषेतला एकही तोंडात येईना, सगळ्यांवर ती पाटी ठोकलेली. "मी तेव्हा आंगुस्तियादा होते गं. रोज. आणि ते तुला सांगायचं कसं, ते मला येत नव्हतं."

मग भिंगरी रडली. सपाट नाही, तालात नाही, लहानपणी जिन्यावरून पडल्यावर रडायची तशी, नाकाचे आवाज काढून.

"मला भीती वाटते, आई. बाळ लवकर आलं तर... आणि तू आलीस की मला रडू फुटणार, आणि रडले की रक्तदाब वाढणार, म्हणून मी..."

"मग इतके दिवस पडद्यामागे रडत होतीस त्याने कमी होत होता काय? अक्कल आहे का तुला? सासू भिंतीशी कान लावून बसलीय बिचारी!" अक्कांचा आवाज परत मूळ जागी येऊ लागला होता. "रड आत्ता. मी ऐकतेय. पोटावर हात ठेव आणि रड."

"तू ये ना."

"ये म्हणे! आता म्हणतेय!" अक्का उभ्या राहिल्या, या वेळी खुर्ची सरकली, आणि इतका गोड आवाज मी त्या खुर्चीचा कधी ऐकला नव्हता. "भाऊसाहेब, बसलात काय? वरून माझी बॅग आणा. ती कपाटावर गेलीय परत, स्टूल घेऊन जा, पडाल नाहीतर!"

अक्का तिकडे पोचल्या तेव्हा बाळ आलेलं नव्हतं. पहिल्या रविवारी फोन लागला, तेव्हा पडदे बाजूला सारलेले होते. भिंगरी डाव्या कुशीवर, डोळे सुजलेले, खाऊन गाल भरलेले. पायाशी विहीणबाई तिचे पाय चेपत होत्या आणि उशाशी अक्का. दोघींचं भांडण चाललं होतं, खिडकी उघडी ठेवायची की बंद. अक्का आपल्या भाषेत, विहीणबाई त्यांच्या. कुणी कुणाचं भाषांतर करत नव्हतं.

"काय म्हणतेय गं तब्येत?" माझ्या बायकोने विचारलं.

"भीती वाटतेय, मावशी," भिंगरी म्हणाली. "खूप. आणि मजा येतेय."

"फोन इकडे दे," मागून अक्का ओरडल्या. "त्यांना म्हणावं, माझ्या कुंड्यांना पाणी घाला रोज, इथल्या चौकशा नंतर करा. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगते, हिला अर्धवट सांगायची सवय आहे!"

मग त्यांनी सांगितलं. सगळं, वाईट तेवढंही, श्वास न घेता. मध्येच विहीणबाईंनी काहीतरी दुरुस्ती केली, अक्कांनी ती मान्य केली नाही, आणि दोघी पुन्हा खिडकीवर आल्या.